विहारासाठी व्हिडीओ कॅमेरा घेताना : वर्गणीच्या पैशात नेमके काय पाहावे?

यंदाच्या वर्षावासात आमच्या बोईसरच्या बैठकीत एक विषय तीन वेळा निघाला आणि तीनही वेळा पुढे ढकलला गेला. विहारासाठी व्हिडीओ कॅमेरा घ्यायचा का, आणि घ्यायचा तर कोणता? तरुण म्हणतात, मोबाईल आहे की. लग्नाचे शूटिंग करणारा आमचा एक मित्र म्हणतो, प्रोफेशनल घ्या, नाहीतर घेऊच नका. ज्येष्ठांचा प्रश्न सरळ आहे : वर्गणी एमआयडीसीत बारा-बारा तास राबणाऱ्यांच्या खिशातून येते, ती खेळण्यावर घालवायची का?

प्रश्न रास्त आहे. म्हणून प्रोफेशनल एचडी कॅमकॉर्डर म्हणजे काय, त्यातील कोणती सोय आपल्या कामाची आणि कोणती नुसती दिखाव्याची, हे आम्हाला समजले तसे मांडत आहोत. पालघर, बोईसर, तारापूर भागातील इतर मंडळांनाही त्याचा उपयोग व्हावा.

एक मुलाखत हातातून गेली

आधी आमची चूक सांगतो. २०१९ च्या पावसाळ्यात पालघर तालुक्यातील एका आजोबांची मुलाखत आम्ही मोबाईलवर घेतली. ७ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी, ते चौदा वर्षांचे होते आणि वडिलांबरोबर रेल्वेने दादरला गेले होते. ती गर्दी, समुद्रकिनाऱ्यावरचा आक्रोश, भदन्त आनंद कौसल्यायन यांनी तिथेच दिलेली धम्मदीक्षा, हे सारे ते दीड तास सांगत होते. घरी येऊन पाहतो तर रेकॉर्डिंग फक्त चाळीस मिनिटांचे. मध्येच कुणाचा तरी फोन आला, रेकॉर्डिंग थांबले आणि आमच्यापैकी कुणाच्याही ते लक्षात आले नाही. जे उरले, त्यात आवाजापेक्षा पंख्याची घरघर जास्त. आजोबा खिडकीपुढे बसले होते, त्यामुळे मागचा उजेड लख्ख आणि चेहरा काळा.

पुन्हा जाऊ म्हणालो. मग लॉकडाऊन आला. २०२१ मध्ये आजोबा गेले.

१९५६ साली जे दहा-बारा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या आसपास आहेत. कॅमेऱ्याचा विषय आमच्यासाठी हौसेचा राहिलेला नाही, तो यामुळे.

मोबाईल कुठे कमी पडतो?

मोबाईलला नावे ठेवण्याचे कारण नाही. अचानक घडलेली घटना टिपायला खिशातल्या मोबाईलसारखे साधन नाही. पण तो अनेक कामांसाठी बनलेला आहे. फोन आला की तो फोन होतो, जागा भरली की थांबतो, तापला की बंद पडतो. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला व्हिडीओ दाबून लहान केला जातो आणि त्यातील बारकावा कायमचा जातो.

स्टुडिओवाले वापरतात तो डीएसएलआर कॅमेरा मुळात फोटोसाठी आहे. त्याचे चित्र सुंदर येते, पण अशा अनेक कॅमेऱ्यांत एका वेळी सुमारे अर्ध्या तासापुढे रेकॉर्डिंग चालत नाही. दोन तासांच्या धम्मप्रवचनाला ते कसे पुरणार?

कॅमकॉर्डर हा तासन्‌तास सलग चित्र आणि आवाज टिपण्यासाठीच बनवलेला कॅमेरा. त्याची बटणे, बॅटरी, हातात धरायची पद्धत, सारे त्या एका कामासाठी आहे. 'प्रोफेशनल' या शब्दाचा अर्थ एवढाच की, महत्त्वाच्या गोष्टी मेनूत शोधत न बसता बाहेरच्या बटणांवरून आणि चकत्यांवरून आपल्या हाताने ठरवता येतात.

एचडी म्हणजे नेमके किती?

फुल एचडी चित्र १९२० आडव्या आणि १०८० उभ्या ठिपक्यांचे, म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार ठिपक्यांचे असते. फोर-के मध्ये याच्या चौपट ठिपके असतात. दुकानदार फोर-के चा आग्रह धरतो. आमचे मत असे की, प्रवचन, मुलाखत, जयंतीचा कार्यक्रम यांसाठी चांगले फुल एचडी पुरते. फोर-के ची फाईल मोठी होते, ती ठेवायला हार्ड डिस्क जास्त लागते आणि एडिटिंगला ताकदीचा संगणक लागतो.

जुना माल घेताना मात्र सावध राहा. कॅमेऱ्यावर 'एचडी' लिहिलेले असते, पण सगळे एचडी सारखे नसते. पूर्वीचे एचडीव्ही कॅमेरे छोट्या टेपवर १४४० बाय १०८० ठिपक्यांचे चित्र नोंदवत. ती टेप आणि ती वाजवणारे यंत्र आता शोधावे लागते. पॅनासॉनिकचा २००५ चा एचव्हीएक्स-२०० हा आपल्या काळातला नावाजलेला कॅमेरा, पण तो पी-टू नावाच्या खास कार्डांवर एचडी नोंदवतो. कॅमेरा स्वस्तात मिळाला आणि कार्डच मिळाले नाही, तर पैसे वाया गेले म्हणून समजा. साध्या एसडी कार्डावर चालणारा कॅमेराच पाहा.

सेन्सर आणि झूम

भिंगातून आलेला उजेड ज्या चकतीवर पडतो ती सेन्सर. ती जितकी मोठी, तितका उजेड जास्त गोळा होतो आणि अंधारात चित्र कमी दाणेदार येते. एक इंची म्हणवणाऱ्या सेन्सरचे क्षेत्रफळ एक तृतीयांश इंची सेन्सरच्या सहा-सात पट भरते. आपले बरेचसे कार्यक्रम संध्याकाळनंतर, चाळीच्या पटांगणात, दोन हॅलोजनच्या उजेडात होतात. तिथे हा फरक डोळ्यांना दिसतो.

झूममध्ये 'ऑप्टिकल' आकडा तेवढा धरा. 'डिजिटल' झूम म्हणजे आहे तेच चित्र ताणून मोठे करणे. बारा ते वीस पट ऑप्टिकल झूम असला, तर मागच्या रांगेतून भन्तेजींचा चेहरा भरून दिसतो आणि कॅमेरा मध्ये आणून उपासकांची वाट अडवावी लागत नाही. मुठीजवळचे झूमचे बटण हळू दाबले की झूम हळू सरकतो आणि जोरात दाबले की भरभर. ही सोय मोबाईलमध्ये नाही.

पांढरी वस्त्रे आणि आपले सावळे चेहरे

हा मुद्दा आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटतो, आणि दुकानात तो कुणी सांगत नाही.

कॅमेरा ऑटोवर ठेवला की तो सगळ्या चौकटीतील उजेडाची सरासरी काढतो. आपल्या कार्यक्रमात उपासक-उपासिका पांढऱ्या वस्त्रांत बसलेल्या असतात. एवढे पांढरे पाहून कॅमेऱ्याला वाटते, उजेड फार झाला. तो चित्र गडद करतो. परिणामी वस्त्रे ठीक दिसतात, पण उन्हातान्हात राबलेल्या माणसांचे सावळे चेहरे काळे पडतात. नाक-डोळे ओळखू येत नाहीत.

यामागे थोडा इतिहासही आहे. पाश्चात्य देशांत रंगीत फिल्म धुताना रंग जुळवण्यासाठी अनेक वर्षे गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र नमुना म्हणून वापरले जाई. कोडॅकच्या त्या नमुन्यांना 'शर्ली कार्ड' म्हणत. गोरा चेहरा नीट आला म्हणजे छायाचित्र नीट आले, असे गृहीत धरलेले होते. समाजशास्त्र शिकताना आम्ही वाचले होते की, यंत्रे तटस्थ वाटली तरी ती कुणाला समोर ठेवून बनवली हे पाहावे लागते. त्याचे इतके सोपे उदाहरण दुसरे नसेल.

उपाय कॅमेऱ्यातच आहे. प्रोफेशनल कॅमकॉर्डरला आयरिसची चकती हाताने फिरवता येते, म्हणजे आत येणारा उजेड आपण ठरवतो. 'झेब्रा' चालू केला की जिथे उजेड ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला, तिथे पडद्यावर तिरके पट्टे दिसतात. ते रेकॉर्डिंगमध्ये येत नाहीत. आमचा नियम साधा आहे : आधी चेहरा नीट करा, वस्त्रांवर थोडे पट्टे आले तरी चालतील. पण झेब्रा चेहऱ्यावर आला, तर उजेड कमी करा.

दुसरी सोय एनडी फिल्टरची. हा भिंगामागचा गॉगलच म्हणा. दुपारच्या मिरवणुकीत ऊन प्रखर असते, तेव्हा रंग न बदलता उजेड कमी करतो. सोनीच्या पीएक्सडब्ल्यू-झेड९० सारख्या हाती धरायच्या कॅमेऱ्यात तो एक चतुर्थांश, एक सोळांश आणि एक चौसष्टांश अशा तीन पायऱ्यांत मिळतो. हे नाव नमुन्यादाखल दिले आहे, हाच घ्या असे नाही.

तिसरी गोष्ट व्हाईट बॅलन्स. विहारात ट्यूबलाईट, पिवळा दिवा आणि निळी रोषणाई एकत्र असते, म्हणून रंग बिघडतात. कॅमेऱ्याला 'पांढरे हे असे' म्हणून दाखवले की तो रंग जुळवून घेतो. त्यासाठी पांढरा कागद शोधायला नको, पुढच्या रांगेतील उपासिकेचे पांढरे पातळ पुरते.

आणि चौथी, शटर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. शटर एक पन्नासांश सेकंदावर आणि चौकटी सेकंदाला २५ किंवा ५० ठेवल्या, तर ट्यूबलाईटखाली चित्र लुकलुकत नाही.

आवाज गेला तर मुलाखत गेली

चित्र थोडे हलले तर लोक चालवून घेतात. आवाज कळला नाही तर पाच मिनिटांत उठून जातात. साध्या आणि प्रोफेशनल कॅमेऱ्यातील खरा फरक इथे आहे. प्रोफेशनल कॅमेऱ्याला तीन पिनांच्या एक्सएलआर माईकच्या सहसा दोन जागा असतात. ही वायर लांब टाकली तरी घरघर कमी पकडते. कंडेन्सर माईकला लागणारी ४८ व्होल्टची वीजही कॅमेराच पुरवतो, तिला फँटम पॉवर म्हणतात.

दोन जागा असण्याचा फायदा असा की, एकीवर साऊंडवाल्याच्या मिक्सरची वायर आणि दुसरीवर आपला माईक लावता येतो. एक बंद पडला तर दुसरा आहे. मिक्सरची वायर लावताना बटण 'लाईन'वर करायला विसरू नका. ते 'माईक'वर राहिले तर आवाज फाटतो, आणि नंतर तो कुणालाही दुरुस्त करता येत नाही.

मुलाखतीत छोटा माईक सदऱ्याला किंवा पदराला, तोंडापासून वीतभर अंतरावर लावावा. पंखा बंद करावा. बोईसर, पालघरला रुळालगतच्या घरात गाडी जाईपर्यंत थांबावे. आणि एकाने सतत हेडफोन लावून बसावे. आमच्याकडे २०१९ मध्ये तो एक माणूस असता, तर आज आजोबांची पूर्ण मुलाखत आमच्याकडे असती.

दोन कार्डे, मोठी बॅटरी, वेळेचा आकडा

कॅमेऱ्यात दोन कार्डे बसतात का, आणि दोन्हींवर एकाच वेळी रेकॉर्डिंग होते का, हे विचारा. एक कार्ड बिघडले तरी दुसरे राहते. जागेचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला ५० मेगाबिट वेगाने नोंदवले, तर तासाला साडेबावीस जीबी लागतात. म्हणजे ६४ जीबीचे कार्ड पावणेतीन तासांच्या आसपास पुरते. २८ मेगाबिटला तासाला साडेबारा जीबीच्या थोडे वर लागतात.

टाईमकोड म्हणजे प्रत्येक चौकटीला दिलेला तास, मिनिट, सेकंद आणि चौकटीचा क्रमांक. 'आजोबा दादरच्या गर्दीविषयी कुठे बोलले?' या प्रश्नाचे उत्तर वहीत आकडा लिहून ठेवला तर क्षणात मिळते.

बॅटऱ्या दोन तरी घ्याव्यात. एचडीएमआय किंवा एसडीआय ही बाहेर चित्र देणारी जागा असली, तर बाहेर बसलेल्या लोकांना मोठ्या पडद्यावर कार्यक्रम दाखवता येतो. एसडीआयची वायर दूरवर नेता येते आणि फिरवून घट्ट बसते, गर्दीत पाय लागून निघत नाही.

उद्या पुरावा म्हणून लागले तर?

आपल्या वस्त्यांना याचा अनुभव आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार होऊन १० जण मारले गेले. नेमके काय घडले, हा वाद पुढे वर्षानुवर्षे चालला. त्या घटनेपासून सुरू झालेले चित्रीकरण आनंद पटवर्धन यांनी १४ वर्षे केले आणि २०११ मध्ये 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट पुढे आला. १४ वर्षांचे फुटेज सांभाळून ठेवले होते, म्हणूनच तो होऊ शकला.

कायदाही समजून घ्यायला हवा. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तिच्यातील कलम १५-अ, पोटकलम १० प्रमाणे या कायद्याखालील गुन्ह्यांशी संबंधित सर्व कार्यवाहीचे चित्रमुद्रण व्हायला हवे. पीडितांच्या बाजूने उभे राहणाऱ्यांनी हे कलम तोंडपाठ ठेवावे.

आपण स्वतः केलेले चित्रीकरण न्यायालयात कसे चालते, याचे उदाहरण जालन्याचे आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतील उमेदवारी अर्ज वेळेत भरले की नाही, हा वाद निवडणूक कार्यालयातील व्हिडीओ रेकॉर्डिंगवर येऊन ठेपला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की, रेकॉर्डिंगची प्रत सादर करायची तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र जोडावेच लागते. मूळ उपकरण त्याच्या मालकाने स्वतः साक्ष देऊन हजर केले, तर ते लागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही तरतूद कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राच्या नव्या नमुन्यात फाईलची 'हॅश' किंमतही लिहावी लागते. हॅश म्हणजे फाईलचा अंगठ्याचा ठसा समजा : फाईलमध्ये कणभर बदल झाला तरी तो बदलतो.

म्हणून महत्त्वाचे काही टिपले, तर ते कार्ड पुसू नका, त्यावर एडिटिंग करू नका. कॅमेऱ्याची तारीख-वेळ आधीच बरोबर लावलेली असावी. कार्ड पाकिटात घालून कुणी, कधी, कुठे चित्रीकरण केले ते लिहून ठेवा आणि वकिलांचा सल्ला घ्या.

काही बंधने आपणही पाळायची आहेत. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा आहे. मुलाखत देणाऱ्याची लेखी संमती घ्यावी. आणि आपल्या भागापुरते सांगायचे, तर तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या परिसरात चित्रीकरणाला मनाई आहे. तीन आणि चार क्रमांकाच्या अणुभट्ट्यांसाठी उठलेल्या अक्करपट्टी, पोफरणच्या लोकांच्या आठवणी जरूर नोंदवाव्यात, पण त्या त्यांच्या पुनर्वसनाच्या घरी बसून.

जपणूक

आपल्या पालघर जिल्ह्यातच नालासोपारा आहे. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तिथे १८८२ मध्ये मिळाला, नवव्याचा तुकडा त्याच परिसरात भुईगाव येथे १९५६ मध्ये सापडला. दगडावरची अक्षरे दोन हजारांहून अधिक वर्षे टिकली. मेमरी कार्ड निष्काळजीपणे ठेवले, तर दोन पावसाळे टिकेल याची खात्री नाही.

त्यामुळे प्रत्येक रेकॉर्डिंगच्या तीन प्रती कराव्यात : दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या गावातील कार्यकर्त्याच्या घरी. फाईलच्या नावात तारीख, गाव आणि विषय असावा. वर्षातून एकदा डिस्क उघडून पाहावी. आपल्याकडे समुद्राची खारी हवा आणि पावसाळ्यातील दमट हवा यांमुळे भिंगावर बुरशी चढते. कॅमेरा कपाटात गुंडाळून न ठेवता हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा.

मग घ्यायचा का?

नवा प्रोफेशनल कॅमकॉर्डर लाखाच्या पुढे जातो. आमचा सल्ला असा : आधी दोन कार्यक्रमांना भाड्याने आणा. जमले, तर तीन-चार विहारांनी मिळून एक घ्या. पैसे कमी असतील, तर कॅमेरा थोडा साधा घ्या, पण माईक, हेडफोन, मजबूत ट्रायपॉड आणि हार्ड डिस्क यांचे पैसे कापू नका. तेवढेही जमत नसेल, तर मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, ट्रायपॉडला लावा, कॉलर माईक जोडा आणि सुरुवात करा. आमची २०१९ ची मुलाखत एवढ्यानेही वाचली असती.

कॅमेऱ्यामागे कोण उभे राहणार, हेही त्याच बैठकीत ठरवा. आमच्याकडे दोन मुली आणि एक मुलगा शिकायला तयार झाले आहेत. त्यांना पहिले काम दिले आहे ते वस्तीतील पंच्याहत्तरीपुढच्या सर्व आजी-आजोबांची यादी करण्याचे. यादीत आतापर्यंत एकोणीस नावे आली आहेत. कॅमेरा यायचा तेव्हा येईल, पहिल्या तीन मुलाखती आम्ही येत्या महिन्यात भाड्याच्या कॅमेऱ्यावर घेणार आहोत. आपल्या वस्तीची यादी आपणही आजच करायला घ्या.

जयभीम!